बायोस अपडेट: विंडोजमधून करावा की पेन ड्राइव्हवरून?

बी४५० मदरबोर्डावर एएमडीचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवायचा म्हटलं, की जुन्या बोर्डाचा बायोस (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) अपडेट करणं ओघानं आलंच. मी दोन्ही वाटांनी केलाय. एकदा बोर्डाच्या कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमधून, नंतर दर वेळी बायोसमधल्याच फ्लॅशरमधून, म्हणजे पेन ड्राइव्हवरची फाइल चिपमध्ये लिहिणाऱ्या साधनातून (गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, असूसचं ईझी फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश).

विंडोजची वाट सोपी आहे, यात वाद नाही. बोर्डाचं मॉडेल सॉफ्टवेअरच ओळखतं, फाइल तेच उतरवतं. अनेकांचं सुरळीत होतंही. माझं मात्र अर्ध्यावर अडकलं. पट्टी जागची हलेना, माउसही थिजला. वीसेक मिनिटं वाट पाहून नाइलाजानं पॉवर बंद केली. त्यानंतर पंखे फिरायचे, पण स्क्रीन काळीच. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिरानं बायोसच्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावला, प्रोग्रामर यंत्रानं ती नव्यानं लिहिली, तेव्हा बोर्ड उठला. मध्ये नक्की काय तडमडलं ते कळलं नाही, आणि मला खुपतं ते हेच: विंडोजच्या पोटात त्या वेळी आणखी काय काय चालू असतं, यावर आपला ताबा नसतो. बायोसमधून करताना विंडोज सुरूच झालेलं नसतं.

तिथला जाच वेगळा. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट (फाइली साठवण्याची एक पद्धत) असतो आणि पुष्कळ बोर्डांना तो दिसतच नाही. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला जुना ८ जीबीचा शोधून ठेवा. शिवाय मॉडेल आपल्यालाच ओळखावं लागतं. सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमध्ये नाव आणि सध्याची बायोस आवृत्ती मिळते, पण रिव्हिजनसाठी, म्हणजे बोर्डाची कितवी आवृत्ती आहे ते कळण्यासाठी, मी कॅबिनेट उघडून टॉर्चनं बघतो. गिगाबाइटच्या बोर्डांवर ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगळ्या फाइली असू शकतात. एवढे कष्ट मला परवडतात.

बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं) बटण असेल तर उत्तमच, प्रोसेसर नसतानाही काम होतं.

वाट कुठलीही धरा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) आधी तात्पुरता थांबवा, ते उघडणारी रिकव्हरी की लिहून ठेवा. एक्सएमपी (रॅमचा वेग ठरवणारी सेटिंग) आणि पंख्यांच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, कारण अपडेटनंतर ती बहुतेक पुसली जातात. यूपीएस हवाच. आणि अपडेटनंतर पहिल्यांदा स्क्रीन यायला कधी कधी दोन-तीन मिनिटंही लागतात, रॅमची जुळणी नव्यानं चालू असते. तोवर पॉवरच्या बटणाला हात लावू नका.