‘नैसर्गिक’ स्नानसंच : घटक उत्तम, सुगंधाचा हिशोब अपुरा

घरच्या घरी स्पाचा अनुभव देण्याचे आश्वासन देणाऱ्या संचांची सध्या रेलचेल आहे. त्यांपैकी सात वस्तूंचा एक संच मी बऱ्यापैकी दीर्घकाळ वापरला, त्याचे हे परीक्षण. ओट्सची स्नानपूड, लव्हेंडरचे बाथ सॉल्ट, साखरेचा स्क्रब, गुलाबाच्या गंधाचे शिया बटर, ‘लिली ऑफ द व्हॅली’च्या नावाची साबणाची वडी, पाण्यात फसफसणारे बाथ बॉम्ब आणि संत्रे व बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळांच्या गंधाचे अंगाला लावायचे तेल, असा या संचाचा पसारा आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यातील बहुतेक गुण आणि जवळजवळ सर्व दोष या प्रकारच्या कोणत्याही संचात सापडावेत असे आहेत. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘९८ टक्के नैसर्गिक मूळ’ असे छापले आहे. या आकड्याकडे मी पुढे वळणारच आहे.

प्रथम संचातील सर्वांत साध्या वस्तूविषयी, कारण तीच सर्वांत चांगली आहे. ओट्सच्या पुडीच्या पाकिटावरील घटकांच्या यादीत एकच नाव आहे : अतिशय बारीक दळलेले ओट्स, म्हणजेच कोलॉइडल ओटमील. कोमट पाण्यात मूठभर पूड सोडून हाताने ढवळली की पाणी हळूहळू दुधाळ होते, बोटांना बुळबुळीत लागते आणि तळाशी गाळ जवळजवळ राहत नाही. दळण पुरेसे बारीक असल्याची हीच खूण आहे. जाडसर दळलेले ओट्स पाण्यात तरंगत राहत नाहीत, तळाशी बसतात आणि त्यांचा उपयोग फक्त मोरी तुंबवण्यापुरता उरतो. ओट्समधील बीटा-ग्लुकान त्वचेवर ओलावा धरून ठेवणारा पातळ थर तयार करते आणि ॲव्हेनान्थ्रामाइड या गटातील द्रव्ये खाज व लाली कमी करण्यास मदत करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली कोलॉइडल ओटमीलला त्वचासंरक्षक घटक म्हणून मान्यता दिली. स्पाच्या सामानात इतका भक्कम आधार असलेले घटक थोडेच असतात. या पुडीला सुगंध नाही, म्हटलेच तर ओल्या धान्याचा मंद वास आहे, आणि तो अंग पुसेपर्यंत निघूनही जातो. कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर या पाण्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. मात्र पाणी कढत नको, अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि स्नानगृहाची फरशी लगेच धुऊन टाकावी, कारण ती कमालीची निसरडी होते. ही शेवटची सूचना पाकिटावर असायला हवी होती, ती नाही.

बाथ सॉल्टमध्ये दोन प्रकारचे मीठ आहे. पांढरे, सुईसारखे स्फटिक एप्सम सॉल्टचे, म्हणजे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू बाळगणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचे आहेत. गुलाबी खडे खनिज मिठाचे असून त्यांचा मुख्य घटक सोडियम क्लोराइड हाच आहे आणि रंग लोहाच्या अंशामुळे आलेला आहे. हे गुलाबी खडे बरणीत सुंदर दिसतात, याहून अधिक श्रेय त्यांना देण्याचे कारण नाही. मॅग्नेशियम त्वचेतून शरीरात झिरपून स्नायूंचा थकवा घालवते, असा दावा बरणीवर आहे. त्याला ठोस पुरावा नाही. गरम पाण्यात स्वस्थ पडून राहिल्याने स्नायू सैलावतात, ते मीठ नसतानाही सैलावतात. तरीही हे मीठ मला आवडले, आणि त्याचे कारण त्यातील लव्हेंडर.

घटकांच्या यादीत ‘लव्हॅन्डुला अँगस्टिफोलिया ऑइल’ असे वनस्पतीचे पूर्ण नाव दिले आहे. ही बाब क्षुल्लक नाही. लव्हेंडर आणि लव्हेन्डिन या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. लव्हेन्डिन ही संकरित जात असून तिच्यापासून तेल भरपूर निघते, ते स्वस्त पडते, पण त्यात कापराचा अंश अधिक असल्याने त्याचा वास औषधी आणि झोंबणारा असतो. या मिठाच्या बरणीचे झाकण उघडल्यावर प्रथम किंचित तिखट, हिरव्या पाल्याचा वास येतो, आणि तो विरल्यावर वाळलेल्या गवतासारखा मऊ, गोडसर गंध मागे राहतो. कापराची झाक अगदी पुसट आहे. अर्थात तेल जे छापले आहे तेच आहे, अशी नाकाची साक्ष मिळते.

येथेच एक तक्रारही नोंदवावी लागते. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. मिठाला नुसते चोळून ठेवलेले तेल मीठ विरघळताच सुटते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर थेंबाथेंबांनी तरंगते. ते थेंब सौम्य न होता थेट अंगाला लागतात आणि नाजूक त्वचेवर चुरचुरतात. तेल पाण्यात समप्रमाणात पसरावे म्हणून पॉलिसॉर्बेट-२० सारखा घटक वापरण्याची पद्धत आहे. या उत्पादकाने तो टाळला आहे, बहुधा यादीत रासायनिक वाटणारे नाव नको म्हणून. परिणामी नाव ‘शुद्ध’ राहिले आणि वापरणाऱ्याच्या अंगाला चुरचुर आली. हे मीठ आधी थोड्या द्रव साबणात कालवून मग पाण्यात सोडल्यास त्रास बराच कमी होतो. मिठात घातलेल्या वाळक्या लव्हेंडरच्या फुलांविषयी एवढेच सांगतो की ती पाण्यात तपकिरी होतात, अंगाला चिकटतात आणि जाळीत अडकतात. छायाचित्रासाठी ती ठीक आहेत.

आता गुलाब. शिया बटर हा घटक म्हणून उत्तम आहे. हातावर घेतले की शरीराच्या उष्णतेने ते वितळते, ओट्सच्या स्नानानंतर ओलसर अंगावर लावले तर ओलावा दीर्घकाळ टिकतो, आणि या बरणीतील बटर दाणेदार झालेले नव्हते, म्हणजे ते बनवताना नीट थंड केले गेले असावे. त्याचा गंध मात्र वेगळ्या चौकशीला पात्र आहे. झाकणावर दमास्क गुलाबाचे चित्र आहे, खाली ‘पाकळ्यांतून थेट’ असे शब्द आहेत, आणि बरणीच्या मागच्या बाजूस बारीक टाइपात ‘पार्फम’, म्हणजे नुसते ‘सुगंध’, हा एकच शब्द व त्यामागे सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, लिनालूल ही नावे आहेत. ही तिन्ही द्रव्ये खऱ्या गुलाबाच्या तेलातही असतात आणि कारखान्यातही तयार होतात, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. ठरते ते दुसऱ्या हिशोबाने. गुलाबाचे एक किलो तेल ऊर्ध्वपातनाने मिळवायला सुमारे तीन ते पाच टन फुले लागतात. त्यात खरे तेल असते तर उत्पादकाने ‘रोझा डॅमासेना फ्लॉवर ऑइल’ हे नाव यादीत अभिमानाने मिरवले असते. शिवाय गंधही साक्ष देतो. ताज्या फुलाच्या वासात मोठा वाटा असलेले फिनाइलइथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळते आणि ऊर्ध्वपातनाच्या वेळी बरेचसे गुलाबजलातच राहून जाते. त्यामुळे ऊर्ध्वपातित गुलाबतेलाचा वास ताज्या फुलापेक्षा निराळा, काहीसा मधाळ आणि मसालेदार असतो. या बटरला मात्र नुकत्याच खुडलेल्या पाकळीचा स्वच्छ, एकसुरी वास आहे आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसूभरही बदलत नाही.

कृत्रिम सुगंधाला माझा विरोध नाही. अनेकदा तो अधिक सुरक्षित असतो, कारण त्यात नेमके काय आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असते, आणि चंदनासारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडांवरचा भारही त्यामुळे हलका होतो. माझा आक्षेप झाकणावरच्या चित्राला आहे. साबणाच्या वडीबाबत तर हा प्रकार हास्यास्पद होतो. वेष्टनावर ‘रानातील लिली ऑफ द व्हॅलीचा अर्क’ असे लिहिले आहे, आणि या फुलापासून व्यापारी प्रमाणात सुगंधी तेल काढताच येत नाही, हे सुगंधाच्या व्यवसायातील कोणालाही माहीत असते. या फुलाच्या नावाने मिळणारा प्रत्येक गंध इतर द्रव्यांची जुळणी करून रचलेला असतो. रचना म्हणून तो सुरेख साधला आहे, हेही कबूल केले पाहिजे. बाकी वडी ठीक आहे : थंड पद्धतीने बनवल्यामुळे साबण तयार होताना निर्माण झालेले ग्लिसरीन तिच्यातच राहिले आहे, फेस दाट येतो, पण कोणत्याही खऱ्या साबणाप्रमाणे ती अल्कधर्मी असल्याने चेहऱ्यासाठी तिचा वापर मी सुचवणार नाही. जड पाण्यात तिचा पांढरट थर भिंतींवर बसतो.

त्या ९८ टक्क्यांचा उलगडा आता सोपा आहे. अशा आकड्यांसाठी सामान्यतः आयएसओ १६१२८ या मानकातील पद्धत वापरली जाते. तिच्यात पाणीही नैसर्गिक घटक म्हणून मोजता येते, आणि वनस्पतीपासून मिळालेल्या कच्च्या मालावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला पदार्थही, त्याच्या रेणूचा निम्म्याहून अधिक भाग नैसर्गिक मूळचा असल्यास, त्या प्रमाणात जमेस धरला जातो. तेव्हा आकडा खोटा असेलच असे नाही. फक्त ग्राहक त्यातून जे समजतो आणि त्यात जे मोजलेले असते, त्यांत बरेच अंतर आहे. सुगंध तर बहुतेक उत्पादनांत वजनाने एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणजे संपूर्ण सुगंध कृत्रिम असूनही हा आकडा डौलाने छापता येतो.

बाथ बॉम्बबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, आणि ते फुटताना सुगंध वर फेकतात. गंमत म्हणून छान आहे, त्वचेसाठी त्याचा वेगळा लाभ नाही. साखरेचा स्क्रब मात्र विचारपूर्वक बनवलेला आहे. साखरेचे कण घासताना विरघळत जातात, त्यामुळे अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीसारखे टोकदार कण त्वचेवर ओढले जात नाहीत. पण त्यात परिरक्षक नाही, फक्त जीवनसत्त्व ई आहे. ते तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जिवाणू आणि बुरशीला रोखत नाही. बरणीत ओला हात गेला की साखर आणि तेलाच्या या मिश्रणात बुरशीला वाव मिळतो. कोरडा चमचा वापरावा, आणि बरणी शॉवरखाली ठेवू नये.

सर्वांत गंभीर उणीव अंगाच्या तेलात आहे, आणि दुर्दैवाने संचातील सर्वांत मोहक गंधही त्याचाच आहे. संत्र्याच्या सालीचा रसरशीत वास आणि त्यामागून येणारा बर्गामॉटचा कडसर, चहाची आठवण करून देणारा सूर, ही जोडी अस्सल आहे. ती अर्ध्या तासात उडून जाते हेदेखील अस्सलपणाचेच लक्षण, कारण लिंबूवर्गीय तेले सर्वांत आधी उडतात. परंतु सालीतून दाबून काढलेल्या बर्गामॉटच्या तेलात बर्गाप्टेन हे द्रव्य असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात. म्हणूनच त्वचेवर राहणाऱ्या आणि उन्हात उघड्या पडणाऱ्या उत्पादनांत अशा तेलाचे प्रमाण ०.४ टक्क्यांपर्यंतच असावे, अशी आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची मर्यादा आहे, आणि बर्गाप्टेन काढून टाकलेले तेलही बाजारात सहज मिळते. या बाटलीवर प्रमाण नाही, तेलाचा प्रकार नाही आणि उन्हाविषयी इशाराही नाही.

संत्र्याच्या तेलातील लिमोनीन आणि लव्हेंडरमधील लिनालूल यांच्याबाबतही सावध राहायला हवे. ताज्या स्थितीत ती बहुतेकांना मानवतात, पण हवेशी संपर्क येऊन ती ऑक्सिडीकृत झाली की त्यांपासून बनणारी द्रव्ये त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशी ॲलर्जीकारक सुगंधद्रव्ये त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यांहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्यांहून अधिक असतील, तर त्यांची नावे द्यावी लागतात. आधी ही यादी २६ द्रव्यांची होती, २०२३ साली ती ८० हून अधिक नोंदींपर्यंत वाढवण्यात आली. ती नावे पाहून घाबरण्याचे कारण नाही. उलट ज्या बाटलीवर सुगंधी तेल आहे आणि यांपैकी एकही नाव नाही, तिच्याविषयीच शंका घ्यावी. या संचाचे तेल काचेच्या गडद बाटलीत आहे ही जमेची बाजू, पण तिला ड्रॉपरऐवजी रुंद तोंड दिल्याने प्रत्येक वेळी आत भरपूर हवा जाते.

उत्पादकाकडे मी बर्गाप्टेनविषयी लेखी विचारणा केली. ‘आमचे बर्गामॉट तेल शंभर टक्के शुद्ध आहे’ असे नम्र उत्तर आले. शुद्ध बर्गामॉट तेलात बर्गाप्टेन असतेच, त्यामुळे या उत्तराने माझी शंका मिटली नाही, ती पक्की झाली. ओट्सची पूड आणि बाथ सॉल्ट मी सुटे मिळत असल्यास पुन्हा घेईन, बिनवासाचे शिया बटर काढले तर तेही. अंगाचे तेल ज्यांनी आधीच घेतले आहे, त्यांनी ते फक्त रात्री लावावे आणि सकाळी उन्हात जाण्यापूर्वी अंग साबणाने धुवावे.