फोरस्कॅन आणि सीएच३४१ए : फोर्डवाल्यांसाठी वापरून सांगतो

२०२१ मध्ये फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, पण आपल्या बेळगाव भागात इकोस्पोर्ट, फिगो अजून चिक्कार पळतात. केए-२२ च्या असतात, चंदगडकडून येणाऱ्या एमएच-०९ च्याही असतात. उद्यमबागेजवळ मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो. कंपनीचा स्कॅनर छोट्या गॅरेजला परवडणारा नाही. फोर्ड आली की मी फोरस्कॅनच लावतो, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं सॉफ्टवेअर.

विंडोज लॅपटॉपवर ते फुकट चालतं. मोबाईलवरची साधी ॲपं बहुतेक इंजिनाचे कोड दाखवून थांबतात. फोरस्कॅन एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, मीटर, बॉडी कंट्रोल सगळं वाचतं. पावसाळ्यात जांबोटीकडची एक इकोस्पोर्ट आली, एबीएसचा दिवा पेटलेला. मालकाला कुणीतरी अख्खं एबीएस युनिट बदलायला सांगितलेलं. लाइव्ह डेटा लावून गाडी हळू चालवली, तर तीन चाकांचा वेग बरोबर आणि मागच्या डाव्याचा शून्य. सेन्सरचा सॉकेट उघडला, आत पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या. साफ केल्या, कोड पुसला, दिवा गेला. एका युनिटचे पैसे वाचले की हो त्या माणसाचे!

ॲडॉप्टर, म्हणजे लॅपटॉप गाडीच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीच्या सॉकेटला) जोडायचं यंत्र, मात्र बघून घ्या. गाडीतली मॉड्यूल, म्हणजे छोटे कंट्रोल कॉम्प्युटर, ज्या वायरिंगवरून एकमेकांशी बोलतात ते कॅन. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत कॅनच्या दोन लाइनी असतात: वेगवान लाइन ६ आणि १४ नंबरच्या पिनेवर, ५०० केबीपीएसची, दुसरी ३ आणि ११ वर, १२५ ची. साधं ईएलएम३२७ जातीचं ॲडॉप्टर पहिलीवरच बोलतं. दुसरीवरची मॉड्यूल दिसतच नाहीत, आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. एचएस-एमएस (एका लाइनीवरून दुसरीवर जायचं) बटण असलेलं, यूएसबी वायरचंच घ्या. ब्लूटूथवर कोड वाचायला हरकत नाही, पण मॉड्यूलमध्ये सेटिंग लिहिताना जोडणी तुटली तर मॉड्यूल अर्धवट अडकतं.

लिहायला फोरस्कॅनचं एक्स्टेंडेड लायसन्स लागतं, ते ठरावीक मुदतीसाठी फुकट मिळतं. आधी मूळ कॉन्फिगरेशनची फाइल सेव्ह करा, बॅटरीला चार्जर जोडा, मगच हात घाला. इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि व्होल्टेज उतरलं की घोटाळा.

ओबीडीवरून मॉड्यूल दादच देत नसेल तर सीएच३४१ए, म्हणजे मॉड्यूलमधली मेमरी चिप थेट वाचणारा-लिहिणारा यूएसबी प्रोग्रॅमर. काही शे रुपयांत मिळतो, सोबत आठ पायांच्या चिपेला लावायचा चिमटा येतो. ॲस-प्रोग्रॅमर नावाचं फुकट सॉफ्टवेअर २४, २५, ९३ सिरीजच्या मेमरी चिपा वाचतं. सीएच३४१एच्या काळ्या बोर्डात एक खोट आहे: चिपेला ३.३ व्होल्ट देतं, पण डेटाच्या लाइनींवर ५ व्होल्ट सोडतं. ते दुरुस्त करूनच वापरा. आणि चिप बोर्डावर असताना शेजारचं सर्किट करंट ओढतं, त्यामुळे वाचन बदलू शकतं. दोनदा वाचा, फाइली ताडून बघा, जुळत नसतील तर चिप उतरवा.

मीटरचे किलोमीटर मागे घ्या म्हणणारेही येतात. त्यांना मी दारातूनच परत लावतो. जुनी डिझेल घेणारा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा ते त्याच आकड्यावरून ठरवतो. तो खोटा असला तर चोर्ला घाटात बेल्ट तुटून इंजिन बसेल.

मारुती, ह्युंदाईवाल्यांनी फोरस्कॅनच्या नादी लागू नये. ते फोर्ड-माझदाच्या गाड्यांसाठीच आहे.