मुक्त विद्यापीठाचं बी.एड. : शाळा सांभाळून १६ महिने

प्रवेश घेतला तेव्हा शिक्षिका मैत्रिणी म्हणाल्या, "कागदापुरतं करून टाक गं." आज १६ महिने झाले. कागदापुरतं उरकणारेही जवळून पाहिले. मी तसं केलं नाही याचं मला मनापासून समाधान आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. बी.एस्सी., डी.एड.; २०१० मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले. नियमित बी.एड. करायचं तर बिनपगारी रजा काढावी लागली असती, आणि घराचा हप्ता चालू असताना ते शक्यच नव्हतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं बी.एड.ही दोन वर्षांचंच आहे, पण ते नोकरीत राहून करता येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. दूरस्थ बी.एड.ची वाट आधी शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. नुसत्या पदवीवर प्रवेश मिळत नाही. माझ्या जावेकडून एका एजंटने 'घरबसल्या बी.एड.' म्हणून पाच हजार उकळले, ते आजतागायत परत आलेले नाहीत. प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

या अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो वर्गावर घ्यायच्या सराव पाठांत. तयार टाचणांच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांच्या, वह्या बाजारात मिळतात, त्या उतरवून काढल्या की फाईल भरते. मी सहावीला पूर्णांक संख्यांचा पाठ घेतला. गावच्या विहिरीच्या पायऱ्या फळ्यावर काढल्या, पाण्याची पातळी शून्य धरली, खालच्या पायऱ्या ऋण. पाठ छान झाला असं मला वाटलं. निरीक्षक सरांनी टाचणाच्या समासात लिहिलं होतं : "३५ मिनिटांत १९ प्रश्न. उत्तराची वाट एकदाही पाहिली नाही."

रात्री झोप लागली नाही. पंधरा वर्षं मी असंच शिकवत होते की काय! दुसऱ्या दिवसापासून माझ्या चौथीच्या वर्गात प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजू लागले. तिसऱ्या दिवशी, एरवी मान वर न करणारी एक मुलगी आठव्या आकड्याला बोलली, आणि बरोबर बोलली. फी तिथेच वसूल झाली.

त्रासही झाला. आमच्या अभ्यासकेंद्राने संपर्कसत्राचं (केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहायच्या तासांचं) वेळापत्रक आदल्या संध्याकाळी पाठवलं, भाऊबीज राहिली. स्वाध्याय तपासून आले ते नुसते गुणांसह, शेरा एकही नाही. पैसे भरून शिकणाऱ्याला कुठे चुकलं ते कळायला नको का? केंद्र निवडताना तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना नक्की विचारा.

आणि बी.एड. झालं की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सुटते, या भ्रमात राहू नका. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या आमच्यासारख्या आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. बरं एवढंच, की टीईटीच्या १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत, आणि तो अभ्यास बी.एड.मध्ये होतोच आहे. घरातलं आवरून रात्री साडेनऊला बसते, अकरापर्यंत.

गुरुवारी पुढचा पाठ आहे, त्रिकोणाचे गुणधर्म. या वेळी प्रश्न सहाच काढलेत.