आदर्श वाचन की नाट्यवाचन?

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तो इथेच. त्याच गावात मुलांनी धडा एकसुरी वाचावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आदर्श वाचनात शिक्षक आधी वाचतात, मुलं मागून. पहिली-दुसरीला हेच हवं. विराम कुठे, श्वास कुठे, हे कानावर पडल्याशिवाय येत नाही. पण नवा उतारा दिला की सूर पुन्हा सपाट होतो, कारण मुलांनी तोवर फक्त सरांचा आवाज उचललेला असतो.

नाट्यवाचनात पुस्तक हातातच ठेवून संवाद वाटून घ्यायचे. पाठांतर नाही, वेशभूषा नाही. ‘आलात? बसा की.’ एवढंच घ्या. आजी पाहुण्यांना म्हणते तेव्हा ‘की’ लांबतो, आवाज मऊ होतो. उशिरा आलेल्या पोराला सर हेच म्हणतात तेव्हा ‘आलात’ तुटक येतं, मध्ये थांबा पडतो. पोराला ‘आलात’ म्हणणं हाच मुळी उपरोध. मग विचारायचं, ‘सर चिडलेत हे कशावरून ओळखलंस? धड्यातली ओळ दाखव.’ मूल ओळ शोधायला लागतं, तिथे खरं वाचन सुरू होतं.

यात वेळ जातो, आणि धीट मुलंच भूमिका पटकावतात. म्हणून आधी जोडीजोडीने वाचून घ्यावं.

तिसरीपासून मी नाट्यवाचनच निवडेन. कविता मात्र कोणत्याही इयत्तेत आधी शिक्षकांनीच म्हणून दाखवावी.