मेलबर्नमधील एक गॅरेज आणि सुबारूचा एअरफ्लो सेन्सर
माझ्या सुबारू डब्ल्यूआरएक्सने पी०१७१ हा कोड (इंजिनातील मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी, म्हणजे मिश्रण पातळ) दाखवला, तेव्हा मेलबर्नमधील या छोट्या गॅरेजच्या मेकॅनिकने लगेच नवा एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) न सुचवता आधी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, धूर सोडून गळती तपासली आणि मग स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर नेली. हवा कुठून आत शिरत असती, तर फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती) आयडलला, म्हणजे इंजिन नुसते चालू असताना, जास्त दिसून आरपीएम वाढताच उतरला असता; येथे तो भार वाढेल तसा चढत गेला, म्हणजे सेन्सरच हवा कमी मोजत होता. फिल्टरच्या तेलाचा चिकट थर सेन्सरमधील हवा मोजणाऱ्या तारेवर बसला होता. तो खास क्लीनरने, तारेला हात न लावता, काढल्यावर आकडे ताळ्यावर आले. टर्बो इंजिनात मिश्रण पातळ राहणे घातक ठरू शकते, म्हणून ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. वेळ मात्र आगाऊ घ्यावी लागते.