कुरआन जर्नलिंगचे नऊ महिने: अडीच वह्या, एक फसलेला स्टिकर किट आणि अब्बांची उधारी

गेल्या रमजानचा पहिला रोजा 2 मार्च 2025 ला होता, त्या दिवशी फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) कुरआन जर्नलिंगचं पहिलं पान काढलं आणि आता डिसेंबर चालू आहे. म्हणजे नऊ महिने झाले, आता बोलायला हरकत नाही. एप्रिलमध्ये लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक केलं असतं आणि जुलैमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

आधी कुठून बोलतेय ते सांगते. मी चिपळूणची. नाझरा (कुरआन बघून वाचायला शिकणं) नवव्या वर्षी पुरा झाला, घरात पेढे वाटले, तेव्हापासून दर रमजानला एक खतम (अख्खा कुरआन वाचून पुरा करणं) ठरलेला. वाचता येतं, तजवीदही (उच्चाराचे नियम) बऱ्यापैकी आहे, पण अर्थ विचाराल तर शून्य. पारे (कुरआनचे तीस भाग) मोजत वाचायची सवय, किती राहिले, आज दीड झाला का, उद्या पाहुणे आहेत तर आजच दोन उरकू का, असं. उरकू हाच शब्द वापरायचे मी, आता लिहिताना लाज वाटतेय पण खरं तेच आहे.

तर हे जर्नलिंग म्हणजे काय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुरआनातली एक आयत (वचन) घ्यायची, तिचा तर्जुमा (भाषांतर) वाचायचा, जमलं तर तफसीर (अर्थाचं विवरण) बघायची, आणि मग वेगळ्या वहीत त्या आयतीबद्दल आपल्याला काय वाटलं, काय आठवलं, काय खटकलं ते लिहायचं, सोबत रंग, नक्षी, चिकटवलेले कागद, जे काय हाताला सुचेल ते. यालाच तदब्बुरची (अर्थावर खोल विचार करण्याची) एक पद्धत म्हणतात. वेगळ्या वहीत हे मुद्दाम लिहितेय, मुसहफात (कुरआनच्या प्रतीत) काही लिहायचं किंवा रंगवायचं नाही, निदान मी तरी करत नाही.

माझी पहिली चूक म्हणजे तयार प्लॅनर. नेटवरून तीस दिवसांचा छापील प्लॅनर काढला, रोज एक पारा, रोज एक पान, वर चंद्रकोर, खाली 'आजची आयत', 'आजचा धडा', 'आजचा शुक्र' (आभार). सहाव्या दिवशी मागे पडले, आठव्या दिवशी तीन दिवसांची पानं एकत्र भरली, म्हणजे पुन्हा तेच उरकणं, फक्त या वेळी रंगीत. आणि दुसऱ्यांची पानं बघून बघून काढायची हौस! सोनेरी पेनने घुमट काढायला एक दिवस पाऊण तास गेला आणि त्या पानावर आयतीबद्दल माझं स्वतःचं वाक्य किती, तर एक, तेही दुसरीकडून उचललेलं. अम्मी बघून म्हणाली, काय गो, लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट करतेस काय. राग आला पण बरोबर होतं तिचं.

ईद झाल्यावर प्लॅनर सोडून दिला आणि साधं ठरवलं की एकच आयत घ्यायची, मग तिला एक दिवस लागो नाहीतर आठवडा लागो. फजरनंतर वीस मिनिटं, लेक उठायच्या आत. आधी आयत तीनदा मोठ्याने म्हणायची, मग मराठी तर्जुमा, मग उर्दू तर्जुमा (दोन्ही शेजारी ठेवले की जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबायला होतं, हा माझा शोध नाही पण फार उपयोगी आहे), आणि मग वहीत पेन्सिलीने फक्त सूरह (अध्याय) आणि आयतीचा आकडा टाकून खाली मराठीत लिहायचं. मराठीतच. मदरशात सगळं उर्दूत शिकलो त्यामुळे दीनची (धर्माची) गोष्ट मराठीत लिहिताना पहिले पंधरा दिवस हात अडखळत होता, कारण विचार मराठीत आणि शब्द उर्दू. पण उर्दूत लिहिलं की मी आपोआप बयानाची (प्रवचनाची) भाषा लिहायला लागते, छान छान, आणि मराठीत ती सोंगं जमत नाहीत.

आता ज्या पानामुळे मी हे सोडलं नाही त्या पानाबद्दल सांगते.

सूरह बकराची 282 वी आयत. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, 604 पानांच्या मदनी मुसहफात (मदीनेच्या छपाईच्या प्रतीत) ही एकटीच अख्खं पान व्यापते. इतक्या वर्षांत किती वेळा वाचली असेन, आणि दर वेळी एकच विचार, की बाप रे ही मोठी आयत आली, श्वास कुठे घ्यायचा. ती कशाबद्दल आहे? उधारीबद्दल! ठरलेल्या मुदतीची उधारी केलीत तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, दोन साक्षीदार करा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर नाही लिहिलं तरी चालेल. सगळ्यात लांब आयत आणि ती खातेवहीवर, मी तर थक्कच झाले.

कारण आमचं घर खातेवहीवरच चाललंय. अब्बांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान, खिळे किलोवर, रंग, कड्या, बिजागऱ्या, आणि गिऱ्हाईक म्हणजे गवंडी, सुतार, अर्धे उधारीवाले. 22 जुलै 2021 च्या पुरात दुकान पूर्ण पाण्याखाली गेलं. चिपळूणकरांना तो दिवस वेगळा सांगायला नको. माल गेला तो गेलाच, पण लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही गाळातून निघाली ती चिखलाचा गोळा होऊन. अब्बांनी एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं, अर्ध्यांची शाई पसरलेली, नावं दिसतायत तर आकडे नाहीत, आकडे दिसतायत तर कुणाचे ते कळत नाही. मग पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं, की काही लोक आपणहून यायला लागले, चाचा माझे एवढे बाकी होते, लिहा. अब्बा नवीन वहीत लिहायचे. सगळे नाही आले, ते पण खरंय.

आणि त्या आयतीत एक वाक्य आहे जे मी आधी दोनदा तर्जुमा वाचूनही सोडून दिलं होतं. लिहिताना मजकूर कोणी सांगायचा, तर ज्याच्यावर देणं आहे त्याने सांगायचा, आणि अल्लाहला भिऊन त्यातलं काही कमी करायचं नाही. देणारा श्रीमंत, त्याच्याकडे वही, त्याच्याकडे पेन, पण सांगणार कोण तर घेणारा. हे वाचलं आणि मला दुकानाच्या पायरीवर उभं राहून आपलीच बाकी आपल्या तोंडाने सांगणारी माणसं दिसली. अब्बांची अख्खी नवी वही तशीच तर झाली होती, ज्यांच्यावर देणं होतं त्यांच्याच तोंडून.

ते पान करायला नऊ दिवस लागले. अब्बांकडून त्या जुन्या वहीचं एक वाळलेलं, मातकट पान मागून घेतलं आणि डाव्या बाजूला चिकटवलं, उजव्या बाजूला लिहिलं, एक नक्षी नाही की सोनेरी पेन नाही. अब्बांना दाखवलं तर चष्मा लावून सगळं वाचलं, म्हणाले याच्या दोन आयती आधी काय आहे ते पण वाच. 280 वी. ज्याच्यावर देणं आहे तो अडचणीत असेल तर सवड मिळेपर्यंत मुदत द्या आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. मी विचारलं, मग जे आले नाहीत त्यांचं? तर म्हणाले, ते केव्हाच सोडलंय, तुला काय सांगायचं त्यात. चार वर्षं एका घरात (म्हणजे माझं सासर दोन गल्ल्या सोडून, पण एकच घर म्हणा) आणि हे मला माहीत नव्हतं.

बाकी सगळी पानं अशी नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी वही घेऊन बसेल आणि आठव्या दिवशी मला शिव्या देईल. पाचातली चार पानं साधीच असतात, 'आज काही सुचलं नाही, झोप येतेय' असंही एक पान आहे.

दुसरा मोठा फायदा शब्दांचा. अरबी येत नाही म्हणत होते, पण आयतीतला एकेक शब्द सुटा लिहायला लागल्यावर लक्षात आलं की अर्धे आपल्या तोंडात रोज असतात. हिशोब, कलम, हुकूम, हक्क, दुनिया, कर्ज, मालक. सूरह यूसुफमध्ये यूसुफचे वडील, पैगंबर याकूब अलैहिस्सलाम, दोनदा म्हणतात, 'फसबरुन जमील', 18 व्या आयतीत यूसुफ गेल्यावर आणि 83 व्या आयतीत दुसरा मुलगाही अडकल्यावर. तर्जुम्यात असतं 'उत्तम धैर्य' वगैरे. मी लिहिलं 'सुंदर सबुरी', आणि मग बसूनच राहिले, कारण सबुरी हा शब्द त्या सब्रमधूनच आलाय ना, शिर्डीच्या फोटोखाली लिहिलेला असतो तोच. नवरा कुवेतला आहे, दोन वर्षांतून एकदा येतो, त्या पानावर पुढे काय लिहिलं ते इथे सांगणार नाही.

सूरह रहमानचा प्रयोग मात्र निम्माच जमला. 78 आयतींत 'फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान' (मग तुम्ही दोघं आपल्या रबच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल) 31 वेळा येतं, तर 31 चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एक नेमत (अल्लाहची देणगी) लिहायची ठरवली. सतराव्याला अडकले. नंतर गॅस सिलेंडर, वायफाय असलं काही भरायला लागले तेव्हा थांबवलं. पण दोन समुद्र भेटतात आणि त्यांच्यामध्ये आड आहे, ते ओलांडत नाहीत, त्या आयतींना दाभोळच्या खाडीचा नकाशा काढला, वाशिष्ठीचं गोडं पाणी कुठपर्यंत आणि खारं कुठून, तो मजेत झाला. तफसीरकार याचे वेगवेगळे अर्थ सांगतात, माझा नकाशा म्हणजे तफसीर नव्हे, मला आठवलेली खाडी आहे एवढंच. हा फरक ठेवायला लागतो बरं का. आमच्या इथल्या एका आलिमांना (धर्माचं शिक्षण घेतलेल्या बाईंना) विचारलं होतं, त्या म्हणाल्या मनात काय आलं ते लिही, पण आयतीचा अर्थ हाच असं स्वतःच्या मनाने लिहू नकोस, अडलं तर विचार. तेव्हापासून प्रश्न पडला की मार्जिनमध्ये लाल ठिपका आणि महिन्यातून एकदा त्यांच्याकडे ठिपक्यांची यादी घेऊन जाते. सजीवांची चित्रं मी काढत नाही, पानं, दिवे, भौमितिक नक्षी यावर भागवते, यावर मतं वेगवेगळी आहेत, आपापलं बघा.

सामानाबद्दल. पहिली वही साधी शाळेची, पातळ कागदाची, ब्रशपेनची शाई थेट मागच्या पानावर. दुसरी 160 जीएसएमची (जाड कागदाची) डॉटेड, साडेचारशेला पडली, कागद उत्तम, पण यंदा पाऊस मेमध्येच आला आणि कोकणातल्या हवेत तो उत्तम कागद पापडासारखा वर आला. वॉटरकलर जुलैत दोन दिवस वाळत नाहीत, फेविकॉलने चिकटवलेल्या पानांना आतून बुरशी आली, वॉशी टेप (सजावटीची कागदी टेप) तर आपोआप सुटून लेकीच्या केसांत सापडली. पावसाळ्यात रंगीत पेन्सिली आणि बॉलपेन, बाकी सगळं दिवाळीनंतर. वही तांदळाच्या डब्यात ठेवायची आयडिया अम्मीची, हसू नका, चालते. तिसरी वही दुकानातलं जाड पुठ्ठ्याचं लाँगबुक आहे, अब्बांनी आणून दिलं, आणि तेच सगळ्यात बरं आहे.

स्टिकर किटचं दुःख वेगळं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवला, नाव देत नाही, सहाशे रुपये. उघडला तर आयतींची अरबी अक्षरं सगळी सुटी सुटी आणि उलटी, डावीकडून उजवीकडे. छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला अरबी जोडता येत नसणार आणि तपासायला वाचता येणारं कुणी नसणार. परत घेत नाही म्हणाले. आणि आता ते टाकायचे कुठे? आयत आहे म्हटल्यावर कचऱ्यात टाकवत नाहीत, आणि अक्षरं अशी की ती आयत आहे असंही म्हणवत नाही. शेवटी मशिदीत जुन्या पानांसाठी पेटी असते तिच्यात नेऊन ठेवले. म्हणून आता अरबी लिहायचीच झाली तर हाताने, वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करून, थोडीशी, आणि ज्या पानावर ती आहे ते पान कधी फाडायचं नाही हे आधीच ठरवून.

कुणी करू नये? ज्यांना पान सुंदर झालं नाही की झोप लागत नाही त्यांनी रंगांपासून लांब राहावं, नुसतं लिहावं. ज्यांची तिलावत (कुरआनचं पठण) याच्यामुळे सुटेल त्यांनीही विचार करावा, माझी दोन महिने सुटली होती, लिहिण्यातच वेळ जायचा, आता मगरिबनंतर (संध्याकाळच्या नमाजनंतर) वेगळी ठेवलीय. आणि फोटो टाकायचे असतील तर पान लिहून झाल्यावर आठवड्याने टाका. मी तर आता टाकतच नाही, कारण फोटो टाकायचा आहे हे डोक्यात असलं की वाक्य बदलतं, हे मी स्वतः पकडलंय, तीनदा.

फेब्रुवारीत पुन्हा रमजान येतोय. या वेळी खतम वेगळा आणि वही वेगळी, वहीत महिनाभरात चार पानं झाली तरी पुष्कळ.

एक पान मात्र सप्टेंबरपासून तसंच आहे. वर पेन्सिलीने 11:44 एवढंच लिहिलंय. सूरह हूद, नूह अलैहिस्सलामचा पूर, हुकूम होतो की हे जमिनी तुझं पाणी गिळून टाक आणि हे आकाशा थांब, आणि पाणी ओसरतं. तर्जुमा वाचून झालाय, तफसीर ऐकून झालीय, पेन उचलत नाही. लेक परवा विचारत होती, इथे निळी टेप लावू का. म्हटलं थांब जरा.