पहिलं पुस्तक कुणाचं? नारळीकर, आसिमोव्ह, टोल्किन की ले ग्विन

माझी भाची यंदा इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा संपली त्या संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना म्हणाली, "मावशी, सुट्टीत सायन्स फिक्शन वाचतो म्हणतोय मी. लायब्ररीच्या कार्डावर दोनच पुस्तकं मिळत्यात. कुणाची आणू?" आमच्याकडं कोल्हापुरात मुलीही 'वाचतो', 'जातो', 'येतो' म्हणतात. बाहेरच्यांना ते खटकतं. ते लक्षात ठेवा, पुढं एका पुस्तकापाशी त्याचं काम पडणार आहे.

तिच्या मोबाइलमध्ये यादी होती. आसिमोव्ह, क्लार्क, टोल्किन, ले ग्विन, सगळे इंग्रजीत लिहिणारे. जयंत नारळीकर नव्हते. नारळीकरांचा जन्म ह्याच गावातला, १९ जुलै १९३८ चा, आणि इथल्या मुलीच्या यादीत त्यांचं नाव नाही, हे मला लागलं. तरीही केवळ गावचे म्हणून त्यांचं पुस्तक आण, असं मी सांगणार नाही. शेजारी आसिमोव्ह ठेवून बघा, मग ठरवा.

दोघांनीही इतिहास हाच विषय घेतलाय, पण उलट्या टोकांनी. आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'मध्ये (पुस्तकरूपात १९५१) एक गणिती असं शास्त्र तयार करतो, की ज्यानं अब्जावधी माणसांच्या समूहाचं भविष्य मांडता येतं. एकटा माणूस काय करेल ते सांगता येत नाही, पण समूह कुठं जाणार ते सांगता येतं. वायूचा एक रेणू कुठं पळेल माहीत नसलं तरी डब्यातल्या वायूचा दाब काढता येतो, तसंच. साम्राज्य कोसळणार हे गणितात दिसतंय आणि ते कोसळणं टाळता येत नाही. मधला अंधारयुगाचा काळ तेवढा कमी करता येईल. ही कल्पना पहिल्यांदा डोक्यात शिरते तेव्हा वाचक थरारून जातो.

नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत नेमकं ह्याच्या विरुद्ध घडतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि पारडं फिरलं. कथेत तीच गोळी तीळभर चुकते, कानाजवळून निघून जाते, आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा होतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जायला निघतात आणि त्या दुसऱ्या हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथं ते ग्रंथालयात बसून आपल्याच इतिहासग्रंथाचे खंड उलटतात. आपल्याला माहीत असलेला इतिहास नक्की कोणत्या पानावर वाट सोडून गेला, हे ते शोधत असतात. लाखोंच्या सैन्यात एक गोळी, एक तीळ. आसिमोव्हच्या गणितात ह्या तिळाला किंमत नाही, नारळीकरांच्या कथेत सगळी किंमत त्यालाच आहे. मराठी वाचकाच्या मनात पानिपताची जखम आधीपासून असते. त्यामुळे ही कथा त्याला जशी भिडते, तशी दूरच्या आकाशगंगेतल्या साम्राज्याची कथा भिडत नाही.

नारळीकरांची उणीवही सांगते, कारण भाचीला फसवायचं नाही. त्यांची माणसं फार खोलात जात नाहीत. पुष्कळदा शेवटाकडं एक जाणकार येतो आणि दुसऱ्याला विज्ञान समजावून सांगतो. ज्याला स्वभावचित्रं हवीत त्याला हे कोरडं वाटेल. पण समजावणं इतकं स्वच्छ असतं, की पदार्थविज्ञानाला घाबरणारा वाचकही अडत नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये मोबियसची पट्टी आहे. कागदाची पट्टी घ्या, अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा. एवढ्यावरून माणसाचं डावं-उजवं उलटवण्यापर्यंत ते आपल्याला घेऊन जातात. मी ती पट्टी करून बघितल्याशिवाय पुढचं पान उलटलं नव्हतं. आणि १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या लेखनातही जागोजागी दिसतो.

आसिमोव्हचीही माणसं पातळच. 'फाउंडेशन'मध्ये लोक खोल्यांत बसून बोलतात आणि पुढच्या भागात पन्नास-शंभर वर्षं उलटलेली असतात. ज्याला वादविवाद, डावपेच, राजकारण आवडतं त्यानं खुशाल तिथून सुरुवात करावी. क्लार्कचा पिंड वेगळा. त्यांच्या 'रांदेव्हू विथ रामा'मध्ये (१९७३) पन्नास किलोमीटर लांबीचं परकं यान सूर्यमालेत येतं, माणसं आत शिरून बघतात, आणि यान आपल्याकडं ढुंकूनही न बघता निघून जातं. कथानक जवळजवळ नाहीच. पण आतल्या त्या प्रचंड नळकांड्यात उभं राहून वर बघितलं की डोक्यावर जमीन दिसते, ते वर्णन वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. इंजिनिअरिंगच्या मुलीला हे आवडेल, पण दुसऱ्या सुट्टीत.

मराठीतच राहायचं असेल आणि नारळीकरांच्या कथेत माणूस कमी पडत असेल, तर लक्ष्मण लोंढे घ्या. 'दुसरा आइनस्टाइन' या कथेत प्रश्न आहे तो मरणाच्या दारात उभ्या असलेल्या शास्त्रज्ञाचा मेंदू वाचवण्याचा. पण वाचून झाल्यावर मनात राहतो तो माणूस, यंत्रणा नव्हे. बाळ फोंडके जीवशास्त्राकडून येतात, त्यामुळे शरीर, औषधं, गुन्ह्याचा तपास हे त्यांचं घरचं अंगण. त्यांची कथा पटकन वाचून होते.

नारायण धारपांबद्दल मला हटकून विचारतात. धारप विज्ञानकथाही लिहायचे, पण त्यांची खरी ताकद भीतीत आहे. ओळखीचा वाडा, ओळखीची माणसं, आणि त्या ओळखीतच हळूहळू काहीतरी कुजायला लागतं. रात्री एकटं वाचायला हवं असेल तर धारपच, पण विज्ञानकथेची भूक त्यांच्यावर भागवू नका, दोघांवरही अन्याय होईल.

आता अद्भुताकडं, म्हणजे फँटसीकडं. टोल्किन की ले ग्विन, ह्यावर मी आणि माझा भाऊ वर्षानुवर्षं भांडतोय. तो टोल्किनचा. त्याचं म्हणणं खरं आहे, की टोल्किन भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी आधी भाषा घडवल्या आणि मग त्या बोलणारी माणसं, त्यांची गाणी, वंशावळी. त्यामुळे त्या जगाला तळ लागत नाही. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची (१९५४-५५) हजारावर पानं आहेत आणि सुरुवात संथ. अर्ध्यात सोडलेले वाचक मी पुष्कळ बघितलेत, आणि सोडल्यावर ते 'अद्भुतकथा आपल्याला जमत नाही' असं धरून बसतात. टोल्किनच हवे असतील तर १९३७ चं 'हॉबिट' घ्या, ते मुलांसाठी लिहिलेलं आहे आणि धावतं.

माझं मत ले ग्विनना. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) दोनेकशे पानांचं. बेटांचं जग, आणि तिथली जादू नावात. प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक माणसाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. तेराव्या वर्षी मुलगा नदी ओलांडून येतो आणि गुरू त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगतो. हे वाचताना मला आमच्या घरातलं बारसं आठवलं. पाळण्याशी वाकलेली आत्या, बाळाच्या कानात 'कुर्रर्र', आणि मग नाव. पत्रिकेतलं जन्मनाव कुणाला सांगायचं नाही म्हणून जपणारी आजीही आठवली. जे आपल्या घरात विधी म्हणून उरलंय, त्याचा अर्थ तिकडं ह्या बाईंनी पानापानांतून उलगडलाय. पुढं तो मुलगा गर्वापोटी एक काळी सावली मोकळी सोडतो आणि उरलेलं पुस्तक त्या सावलीशी त्याचा हिशेब आहे. राक्षस नाही, सैन्य नाही, शेवटी दोघंच समोरासमोर.

त्यांचीच 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मी भाचीला आत्ता देणार नाही, पण तिच्यासाठीच ठेवलीय. बर्फाळ ग्रहावरची माणसं बाईही नाहीत आणि पुरुषही नाहीत. लेखिकेनं त्यांच्यासाठी इंग्रजीत 'तो' वापरला, त्यावर टीका झाली, आणि पुढं त्यांनी स्वतःही त्या निवडीचा फेरविचार केला. इंग्रजीत प्रश्न एका सर्वनामाचा. मराठीत तर क्रियापदही लिंग सांगतं, त्यामुळे अनुवाद करणाऱ्याची प्रत्येक वाक्यात कसोटी. तिथं मला वाटतं, 'मी वाचतो म्हणतोय' असं सहज म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या मुलीला तो ग्रह परका वाटणार नाही.

तर निवड अशी. कल्पना आणि कोडी आवडत असतील, वेळ थोडा असेल, तर नारळीकरांचा कथासंग्रह. डावपेच हवेत तर आसिमोव्ह. माणूस हवा तर लोंढे. इंग्रजी वाचायची सवय कमी असेल तर टोल्किनला हात लावू नका, ले ग्विनची वाक्यं छोटी आणि नितळ आहेत. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्यानं एक मराठी कथासंग्रह आणि एक छोटी इंग्रजी कादंबरी अशी जोडी न्यावी. कथा एका बैठकीत संपते, नाही आवडली तर पुढची आहेच.

भाचीनं नारळीकर आणि अर्थसी नेलं. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "मावशी, पट्टी चिकटवली. मधोमध कापली तर दोन व्हायला पाहिजेत ना? एकच मोठी झाली. का?"